दोन हात खाली समुद्र

दादा, तू खोटारडा होतास.

हे वाक्य मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं. माणूस गेल्यावर असं लिहीत नाहीत म्हणे. देवमाणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं लिहायचं असतं. तुला जाऊन आज सोळा दिवस झाले, आणि दारात येणारा प्रत्येक जण हेच बोलून जातो. मी मान डोलावते. पण मी तुझ्या पाठची बहीण, मला तुझं खोटंच आधी आठवतं. आयुष्यात एकच खोटं बोललास, तेही माझ्यासाठी, आणि ते इतकं पक्कं बोललास की आता मला ते पुसता येत नाही. काय करू, सांग.

वाडीला तू नारळवालो म्हणून माहीत. वर्षभर होडी, जाळी, आणि उन्हाळा लागला की होडी चुलतभावावर सोपवून तू आत, डोंगराकडच्या गावांत. कुणाला बाव, म्हणजे विहीर, खणायची असली की तुला बोलावणं यायचं. उघड्या तळव्यावर नारळ आडवा ठेवून तू अनवाणी जमिनीवरून चालायचास, आणि जिथे नारळ उभा राहील तिथे कुदळ मारायची. मी बीएड करून आले, हायस्कुलात भूगोल शिकवायला लागले, आणि मला तुझी लाज वाटायला लागली. हो, वाटायची. भूगोलाचा तास घेणाऱ्या बाईचा भाऊ नारळ घेऊन पाणी शोधतो! एकदा शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी विचारलं, भाऊ काय करतात, तर मी म्हटलं, मासेमारी. पुढचं गिळलं.

मग एका मे महिन्यात मी हट्टाने तुझ्याबरोबर वालावलला आले. तुला उघडं पाडायचं होतं मला. शेतकऱ्याने पाणी दिलं, गूळ दिला, आणि तू नारळ पिशवीतच ठेवून उगाच इकडेतिकडे फिरत राहिलास. उंबर कुठे आहे, वारूळ कुठे आहे, मेराच्या, शेताच्या बांधाच्या, कुठल्या बाजूचं गवत अजून हिरवं आहे. वरचा सडा, तो जांभ्याचा उघडा माळ, कुठे संपतो आणि उतार कुठे सुरू होतो ते तर तू दोनदा चालून पाहिलंस. अर्ध्या तासाने नारळ काढलास आणि तो बरोबर तिथेच उभा राहिला, जिथे तू मघाशी विडी ओढत बसला होतास.

परतीच्या एस्टीत मी म्हटलं, "दादा, तू आधीच ठरवलं होतंस."

"होय तर."

"मग नारळ कित्याक?"

"लोकांका जमीन बघून सांगलंय तर पटना नाय गो. नारळ उभो रवलो काय पटता."

मी तुला फसव्या म्हटलं. तू खिडकीतून बाहेर बघत हसत होतास. मला इतका राग आला होता की कुडाळ येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. आणि दुसऱ्याच दिवशी निर्लज्जासारखी तुला विचारायला आले, उतारच का? सड्याच्या पायथ्यालाच पाणी का?

तेव्हा तू मला एक जांभ्याचा तुकडा दिलास आणि एका फडक्यात बांधून मूठभर शेडी. जांभ्याच्या खाली जी पांढुरकी, गुळगुळीत चिकणमाती लागते ना, ती. म्हणालास, पोरांसमोर दोन्हींवर पाणी ओत. मी ओतलं. आठवीचा वर्ग होता. जांभ्यावरचं पाणी भोकाभोकांतून झिरपून खालच्या परातीत उतरलं, शेडीवरचं तसंच वर तळं करून राहिलं. पुस्तकात सच्छिद्र खडक आणि अच्छिद्र खडक यावर अख्खं पान होतं, ते पान मी तीन वर्षं वाचून दाखवत होते आणि पोरं जांभया देत होती. त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक जण आपणहून उठून म्हणाला, "बाई, म्हणजे पाणी सड्यातसून खाली येता, शेडीर अडकता, नि मगे आडवा चलत पायथ्याक भायर पडता!" मला इतका आनंद झाला की मी त्याला अख्खा खडू बक्षीस दिला.

त्याच वर्गाने मला पेचात पाडलं होतं, आठवतं? अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित, खडकांचे तीन प्रकार फळ्यावर लिहिले, तीन चौकोन आखले, तर पोरं विचारतात, बाई, आमचो जांभो खंयच्या खणात घालूचो? पुस्तकात जांभ्याचं नावही नव्हतं. अरे, ज्या दगडाने घरं बांधली, गडगे घातले, देऊळ बांधलं, तो दगडच पुस्तकात नाही! मी म्हटलं, उद्या सांगते. आणि संध्याकाळी जाळं विणत बसलेल्या तुझ्यासमोर येऊन बसले.

"जांभो म्हणजे उरलेलो दगड," तू म्हणालास. "मूळचो काळो पत्थर. पावसान तेच्यातला सगळा धुवून नेल्यान, लोखंड तेवढा उरला. म्हणान तांबडो. खाणीतसून काढतत तेव्हा नरम, तासता येता. मगे वारो खाता नि घट्ट होता."

वारा खातो म्हणे! मी तुझ्याशी तासभर वाद घातला. वारा कसा खाईल, पाणी सुकतं आणि लोखंडाचा गंज घट्ट बसतो असं म्हण. तू म्हणालास, ताच सांगतंय मी. वहिनी आतून ओरडली, दोघं एकच बोलतात आणि भांडतात कशाला, जेवायला या. असंच चालायचं आपलं. मी पुस्तकातून यायचे, तू जमिनीवरून यायचास, आणि मध्ये कुठेतरी गाठ पडली की एकमेकांवर ओरडायचो. तुझ्या त्या तुकड्यांवर मी किती पोरांना भूगोल शिकवला, त्याची तुला कल्पना नव्हती. मी कधी सांगितलंच नाही. सांगायला हवं होतं रे.

आता ते लिहायचं, जे मी टाळत आलेय.

सुनामीच्या आदल्या वर्षीचा मे. आपली देवबागची वाडी म्हणजे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये रेतीची पट्टी. खडक नाहीच. नदीने आणलेली रेती समुद्राने परत ढकलली, साठत गेली, वर माड उभे राहिले आणि आपण तिला जमीन म्हणायला लागलो. अशा ठिकाणी वाडीची एकच बाव, पुरुषभर खोल, आणि तिचं पाणी शहाळ्यासारखं गोड. पण त्या मेमध्ये ते आटत आलं. पहाटेपासून बायका कळश्या घेऊन बसायच्या, तळात वाटीवाटीने पाणी जमायचं. एका रविवारी देवळात सगळे जमले. बाव खोल करायची, असं निघालं.

तू उठून म्हणालास, "खोल जाव नकात. हंय दोन हात खाली समुद्र आसा. गोडा पाणी वर तरंगता, पेजेर निवळ येता तशी. बाव रुंद करूया. पाणी सावकाश काढूया. पण खाली जाव नकात."

आणि मी हसले. दादा, मी सगळ्यांसमोर हसले. मालवणी सोडून शाळेतल्या मराठीत म्हटलं, "पाण्यावर पाणी कसं तरंगेल? उन्हाळ्यात भूजलाची पातळी खाली जाते, तेवढं खाली गेलं की पाणी मिळतं. पुस्तकात स्पष्ट दिलंय." देवळाच्या फरशीवर खडूने चित्र काढून दाखवलं. वर जमीन, खाली पाण्याची रेघ, मध्ये विहीर. त्या चित्रात समुद्र काढायचा मी विसरले. रात्रंदिवस त्याचा आवाज ऐकत जन्म गेला माझा, आणि चित्रात तो काढायचा राहिला. पुस्तकातली विहीर घाटावरची होती, मी ती जशीच्या तशी देवबागात आणून खणली.

शेजारचे बाबलकाका वाडीत वडीलधारे. ते तुझ्याकडे बघून म्हणाले, "मगे काय करूचा?" तू माझ्याकडे पाहिलंस. मला अजून ती नजर कळलेली नाही. मग म्हणालास, "सुमा शिकलेली आसा. ती सांगता तर बरोबर आसतला."

तूच उतरलास बावीत. सिमेंटच्या कड्या एकावर एक बसवायच्या आणि आतली रेती उपसत जायचं, म्हणजे कडी आपल्या वजनाने खाली बसते. हे वाडीत तुझ्याशिवाय कुणाला जमत नव्हतं. तीन दिवस घमेली वर येत राहिली. पंप लावला. आणि पाणी आलं! भरभरून आलं. बायकांनी बावीला हळदकुंकू वाहिलं, मला कुणीतरी अबोलीचा वळेसर आणून दिला. मी तो माळला. तू काठावर बसून पायाची रेती झाडत होतास, गप्प. मला वाटलं, हरला म्हणून गप्प आहे.

आठव्या दिवशी वहिनीने चहा ठेवला आणि दूध घातल्याबरोबर तो फाटला. तिला वाटलं दूध नासलं. मग शेजारून हाक आली, "चाय फाटली गो!" मग पलीकडून. दुपारपर्यंत सगळ्या वाडीतले चहा फाटले होते. मी धावत जाऊन कळशीतलं पाणी ओंजळीने प्यायले. मचूळ नव्हे, खारट. समुद्र.

संध्याकाळी परत देवळात सगळे. आवाज चढलेले. बाबलकाका म्हणाले, "ह्या कोणाच्या सांगण्यान झाला?" मी उठतच होते. खरंच उठत होते, गुडघा टेकला होता मी. पण तू आधी उठलास.

"माझा चुकला," तू म्हणालास. "मीच सुमाक सांगलंय, खोल जावया म्हणान. मगे माकाच भय वाटला म्हणान सभेत उलटो बोललंय. तिना बिचारीन माझा ऐकल्यान."

आणि मी परत बसले.

एवढंच झालं दादा. कुणी मला दाबून बसवलं नाही. मी आपली आपण बसले. तुला लोक काय काय बोलले ते ऐकत बसले. नारळवाल्याचो हात गेलो म्हणाले. दोन तोंडांनी बोलता म्हणाले. तू मान खाली घालून उभा होतास आणि मी साडीचा पदर बोटाला गुंडाळत होते.

घरी आल्यावर मी तुझ्या अंगावर धावून गेले. स्वतःवरचा राग तुझ्यावर काढला, दुसरं काय. तू शांतपणे म्हणालास, "नारळवाल्याचा चुकला तर लोक दुसरो नारळवालो बघतले. मास्तरणीचा चुकला तर चेडवांका शाळेत कोण धाडतलो?"

त्या वर्षी मी घरोघरी फिरून, आयांच्या पाया पडून, वाडीतल्या सात मुली हायस्कुलात घातल्या होत्या. "बाई सांगतत म्हणान धाडतंव," असं म्हणून धाडल्या होत्या. तू ते लक्षात ठेवलं होतंस. माझ्या डोक्यात तर तेव्हा फक्त स्वतःची अब्रू होती. तू मला त्यापेक्षा मोठी समजलास, हीच तर पंचाईत आहे.

पुढच्या आठवड्यात तू आणि मी भर दुपारी बावीत परत रेती टाकली. जेवढी उपसली होती तेवढी. तू घमेलं भरायचास, मी टाकायचे. मध्येच थांबून तू मला समजावलंस. पावसाचं गोडं पाणी रेतीत मुरतं आणि खाऱ्यावर टेकून राहतं, कारण ते हलकं. वरून हातभर गोडं उपसलं की खालून खारं त्याच्या किती तरी पट वर चढतं. "म्हणान हावरेपण चलना नाय हंय," म्हणालास. मी विचारलं, हे तुला सांगितलं कुणी? म्हणालास, बापाशीन. बाबांनी मला का नाही सांगितलं? तू हसलास. "तू तेव्हा अभ्यास करी होतंस."

दोन पावसाळ्यांनी पाणी थोडं निवळलं, पण मेमध्ये मचूळ ते मचूळच. नंतर नळ आला आणि लोक बाव विसरले. तुझं चुकलेलं मात्र विसरले नाहीत. वालावलहून, नांदगावहून येणारी बोलावणी बंद झाली. ज्याला स्वतःच्या वाडीची बाव कळली नाही तो आमची काय बघणार! उन्हाळ्यातसुद्धा तू होडीवरच जायला लागलास. तरीही तुझी चाल तीच राहिली, जमिनीकडे बघत चालायची.

तीन वर्षांनी मला कॉलेजच्या एका जुन्या पुस्तकात ते सापडलं. बेटांवरचं आणि किनाऱ्यावरचं गोडं पाणी, खाऱ्यावर भिंगासारखं तरंगणारं. चित्रासकट. मी ते पुस्तक छातीशी धरून तुझ्याकडे पळत आले, चाळीशीची बाई! तू चित्रावरून बोट फिरवलंस आणि म्हणालास, "बरा झाला. पुस्तकातय आसा." मी म्हटलं, आता मी सांगणार सगळ्यांना. तू म्हणालास, थांब, ती सात जणी दहावी होऊ देत. त्या झाल्या. मग म्हणालास, आता त्यांच्या पाठच्या बहिणी आहेत. दर वर्षी हाच वाद. मी म्हणायचे सांगते, तू म्हणायचास कित्याक. खरं सांगू? तू थांब म्हणालास की मला सुटल्यासारखं वाटायचं. मी वाद घालायचे ते हरण्यासाठीच घालायचे. तुला ते कळत होतं, हे मला आता कळतंय.

मग चार दिवसांचा ताप आला काय आणि तू गेलास काय. शेवटच्या दिवशी मी तुझ्या उशाशी बसून ठरवलं होतं की आज तुझ्या तोंडावर सांगायचं, दादा, माझं चुकलं, मला माफ कर. तेवढ्यात वहिनी पेज घेऊन आली, मग कुणी भेटायला आलं, मग तुला झोप लागली. मी म्हटलं, उद्या.

तुझ्या तेराव्याला अंगणात पंगत बसली. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबार, खीर. सगळी वाडी होती. त्या सातांतल्या पाच जणी आल्या होत्या, एक तर आता नर्स आहे. बाबलकाका पानावर बसता बसता म्हणाले, "माणूस सोन्यासारखो. ती एक बाव तेवढी चुकली." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. दादा, माझ्या हातातलं वाढायचं पातेलं मी खाली ठेवलं आणि पंगतीसमोर उभी राहिले. सगळं सांगितलं. मीच खोल जा म्हटलं, तो नको म्हणत होता. त्याने मला काहीही सांगितलं नव्हतं. तो खोटं बोलला आणि मी गप्प बसले. रडत सांगितलं, शाळेतल्या मराठीत नाही, आपल्या भाषेत सांगितलं. घरातून ते पुस्तक आणून त्यातलं चित्र दाखवलं. मला वाटलं, आता ओरडतील, थुंकतील माझ्यावर. बरं वाटेल.

कुणी ओरडलं नाही. बायका डोळे पुसायला लागल्या. ती नर्स झालेली मुलगी येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. आणि बाबलकाका हळूच म्हणाले, "बसा बाई. तेणां आमका सांगान ठेवल्यान होता."

मी म्हटलं, काय?

"तो आजारी होतो तेव्हा. तो म्हणालो, मी गेलंय काय सुमा उठतली नि सांगतली, चूक माझी म्हणान. तुमी खरा मानू नकात. बारीक असल्यापासून तशीच आसा ती, माझो मार आपल्या पाठीर घेता."

दादा, मार तूच खायचास. फणस मी पाडायचे आणि मार तू खायचास. हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि समोरचे चेहरे बघून पुन्हा मिटलं. जितकं बोलेन तितकं तुझंच खरं ठरत होतं. मी वहिनीकडे बघितलं. तिने माझा हात धरून मला पाटावर बसवलं. "बसा वन्सं. तुमची माया सगळ्यांका म्हायत आसा."

कुणीतरी माझ्यासमोर केळीचं पान मांडलं. सगळे माझ्यासाठी थांबले होते, मी घास घेतल्याशिवाय कुणी जेवणार नव्हतं. बाबलकाकांनी स्वतः माझ्या पानावर वडा वाढला आणि म्हणाले, जेवा बाई, तेका बरा वाटतला.

मी जेवले.